गोधडी आणि ट्रंकेंतील लुगडें

धड कापड कापून त्याचे तुकडे करावयाचे आणि मग तेच तुकडे पुन्हां जोडीत बसावयाचें, या उद्योगाला काय म्हणावें? आमच्या घरीं सध्यां तीन गोधड्या अर्धवट आहेत. चौथीचें कापड परवांच बाजारांतून आलें. (माझेहि तीन निबंध अर्धवट आहेत, तें असो.) पूर्वींच्या बायका गोधडी शिवीत ती फाटक्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक घालून, वर धावदोरा घालून. त्यांची काटकसर गरजेची होती. गरज सरल्यावर उरलेला हा छंद मला काटकसरीचें सोंग वाटे.

तसें मीं बोलून दाखविलें. सौ. शांतपणें म्हणाली, "मग सासूबाईंचें लुगडें द्या की."

मीं नकार दिला. बारा वर्षें तें ट्रंकेंत आहे.

नवें कापणें वाईट म्हणणारा मी जुनेंहि कापूं देत नव्हतों! अमेरिकेंतील अलाबामा राज्यांत गीज् बेंड येथें मिझुरी पेटवे या कृष्णवर्णीय स्त्रीनें १९४२ सालीं दिवंगत पतीच्या कामावरच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि ती अंगावर घेतां यावी, असे तिचे दोन्ही हेतु होते. आठवण राखावयाची तर वस्तूला कात्री लावूं नये, हा माझा सिद्धान्त. तिनें कात्री लावूनच ती राखली. २००२ सालीं त्या गांवच्या गोधड्या ह्यूस्टनच्या संग्रहालयांत भिंतीवर टांगल्या गेल्या. पांघरण्याची सोय तेथें संपली. माझ्या ट्रंकेला तेवढी मोठी संगत मिळाली.

काल ट्रंक उघडली. लुगडें घडीघडीवर विरलें होतें. सौ.नें तें उजेडांत धरलें आणि टांका कोठें टिकेल तें पाहूं लागली. "कांठ धड आहेत," इतकेंच म्हणाली.