माप आणि मौन

दिवाळी आठ दिवसांवर आली की आपल्या घरांतून परीक्षांचा हंगाम सुरू होतो. बेसन चिमटीत धरून पाहिले जाते, तुपाचा वास घेतला जातो, खव्याला तूप सुटते की नाही हे तळहातावर चोळून ठरते, आणि घरातले वडीलधारे माणूस रव्याच्या पिशवीकडे अशा काही संशयाने पाहते की त्या रव्यालाच घाम फुटावा. अनारसे हसले तर दोष तांदळाचा, चकल्या मऊ पडल्या तर दोष डाळीचा. करणारीचा हात मात्र सदैव निर्दोष. या चौकशीत पुष्कळसा सणाचा उत्साह असतो हे खरे. तथापि तिच्या तळाशी एक प्रश्न आहे, आणि तो फराळापेक्षा पुष्कळ जुना आहे. विकणाऱ्याला जे ठाऊक आहे व घेणाऱ्याला ठाऊक नाही, ते विकणाऱ्याने आपण होऊन सांगितले पाहिजे काय? खोटे बोलू नये हे तर सर्वांनाच मान्य आहे. पण गप्प बसणे हे खोटे बोलणे होते का?

रोमन पंडित सिसरो याने इ. स. पूर्व 44 मध्ये, अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलासाठी, कर्तव्याविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात या प्रश्नाची एक गोष्ट आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे, धान्याला सोन्याचा भाव आला आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याने भरलेले गलबत घेऊन तेथे पोहोचतो. वाटेत त्याने पाहिले आहे की आपल्या मागून धान्याची आणखी गलबते येत आहेत. ही बातमी सांगितली तर भाव उतरेल. न सांगितली तर पाहिजे तो दर मिळेल. व्यापारी लुच्चा नाही, सज्जन आहे. त्याने काय करावे?

सिसरो दोन तत्त्वज्ञांना समोरासमोर उभे करतो, आणि गंमत अशी की ते दोघे एकाच संप्रदायाचे, किंबहुना गुरुशिष्य आहेत. गुरू डायोजिनीस म्हणतो, कायद्याने जेवढे दोष सांगणे बंधनकारक आहे तेवढे सांगावे, खोटे बोलू नये, आणि पुढे आपला माल चांगल्यात चांगल्या दराने विकावा. न सांगणे वेगळे आणि लपवणे वेगळे. शिष्य अँटिपेटर म्हणतो, अरे, तू माणसांच्या समाजात जन्मलास, त्यांचे हित ते तुझे हित. मग भुकेल्या लोकांपासून धान्याची बातमी दडवतोस कशी? सिसरो अखेर शिष्याच्या बाजूने कौल देतो. प्रत्येक मौन म्हणजे लपवणे नव्हे, हे तो मान्य करतो. परंतु दुसऱ्याला जे कळण्यात त्याचे हित आहे ते आपल्या फायद्यासाठी त्याला कळू न देणे, हे लपवणेच होय, असे त्याचे म्हणणे.

हा निवाडा मला पटतो. तरी गुरूची बाजू अगदीच टाकाऊ आहे असे म्हणवत नाही, कारण ती आमच्या पेठेतल्या एका किराणा दुकानदाराच्या तोंडून मी ऐकली आहे आणि त्याने ग्रीक तत्त्वज्ञान मुळीच वाचलेले नाही. तो म्हणाला, "मास्तर, गिऱ्हाईक पायरी चढतं ते भाव विचारत. 'काय लावलंत?' हा एकच प्रश्न. माल कुठला, कधीचा, कशातनं आला, हे वीस वर्षांत दोघातिघांनी विचारलं असेल. ज्यानं विचारलं त्याला मी खोटं सांगितलं नाही. न विचारणाऱ्याला हाका मारून कशाला सांगू?"

त्याच्या बोलण्यात लबाडी होती, पण एक मोठी खूणही होती. ऱ्होड्सच्या गोष्टीत दोन तत्त्वज्ञ बोलतात, व्यापारी मनाशी विचार करतो, आणि बेटावरचे उपाशी लोक मात्र तोंडातून चकार शब्द काढत नाहीत. समजा, एखादी बाई टोपली घेऊन धक्क्यावर आली असती आणि तिने सरळ विचारले असते, "काय हो, मागून आणखी गलबतं येताहेत का?" तर? तर व्यापाऱ्याची सगळी तात्त्विक सोय तेथेच संपली असती. आता त्याला एकतर खरे सांगावे लागणार, नाहीतर उघड खोटे बोलावे लागणार. गप्प बसण्याची मधली जागा त्या एका प्रश्नाने नाहीशी होते. विकणाऱ्याच्या नीतीवर आपण ढीगभर प्रवचने करतो. मला वाटते, घेणाऱ्याच्या प्रश्नाला त्याहून अधिक नैतिक वजन आहे.

महाभारतात तुलाधार नावाचा वाराणसीचा दुकानदार आहे. जटांत पाखरांनी घरटी बांधली तरी न हललेल्या जाजली ऋषीला तो धर्म शिकवतो, आणि त्याच्या धर्माचा पाया एवढाच, की त्याचा तराजू सर्वांना सारखा आहे. शांतिपर्वातले हे माझे आवडते पात्र. पण तुलाधाराला आपला माल ठाऊक होता. आजचा तुलाधार कितीही सज्जन असो, तो पाकीट देतो आणि पाकिटात काय आहे हे त्यालाही तुमच्याआमच्याइतकेच ठाऊक असते. मौन आता एका माणसाचे राहिलेले नाही. ते शेतापासून कारखान्यापर्यंत व कारखान्यापासून फळीपर्यंत वाटले गेले आहे आणि प्रत्येकाच्या वाट्याला इतके थोडे आले आहे की कोणालाच त्याचे ओझे वाटत नाही. म्हणून प्रश्नही गल्ल्यावर विचारून भागत नाही. तो जेथे उत्तर आहे त्या धक्क्यावर जाऊन विचारावा लागतो.

तुपाचेच घ्या. डालडा या नावाने घरोघर गेलेले वनस्पती तूप आले तेव्हा त्याचा रंग आणि दाणा साजूक तुपासारखा, आणि किंमत पुष्कळ कमी. मिसळणाऱ्याला आणखी काय पाहिजे? गांधीजींचा त्याला विरोध होता. त्याला रंग द्या म्हणजे ओळखू येईल, अशी मागणी पुष्कळ वर्षे चालली. पण तापवल्यावर टिकेल आणि पोटाला बाधणार नाही असा रंग काही मनासारखा मिळेना. अखेर जी युक्ती नियमात आली ती मला एखाद्या नीतिकथेसारखी वाटते. वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचे तेल घालायचे, असे ठरले. तिळाच्या तेलाचा गुण असा की हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल यांच्याशी गाठ पडताच ते गुलाबी लाल रंग दाखवते. तेव्हा ते वनस्पती साजूक तुपात कितीही शिताफीने मिसळा, परीक्षानळीत ते लाजून लाल होणारच. जी वस्तू गप्प राहून फसवू शकत होती, तिच्याच पोटात तिच्याविरुद्धचा साक्षीदार बसवून दिला. कौटिल्याने धान्य, तेल, मीठ, सुगंधी द्रव्ये व औषधे यांत तशाच रंगाचा दुसरा पदार्थ मिसळणाऱ्याला बारा पण दंड सांगितला आहे. दंड आपल्याकडे फार जुना. साक्षीदार मात्र नवा, आणि दंडापेक्षा मला त्याचे कौतुक अधिक.

पण साक्षीदाराला ऐकू यावे असे कान असावे लागतात. फेब्रुवारी 2003 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाटलीबंद पाण्याची तपासणी प्रसिद्ध केली. त्यात लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन, क्लोरपायरिफॉस अशी कीटकनाशके सापडली होती. ती शेतांतून जमिनीत मुरली, जमिनीतून विहिरीत आणि विहिरीतून बाटलीत आली. कंपन्या म्हणाल्या, आमचे पाणी नियमात बसते. आणि ते खोटे नव्हते! कारण नियम असा होता की कीटकनाशक 'आढळण्याच्या मर्यादेखाली' असावे, आणि आढळण्याची ठरवून दिलेली रीत इतकी स्थूल होती की तिला ते आढळतच नव्हते. मंद दृष्टीच्या पाहुण्याला न्याहाळायला बोलावले की मुलगी सर्वगुणसंपन्न ठरणारच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शीतपेयांचाही असाच अहवाल आला. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संसदेची संयुक्त समिती बसली, आणि फेब्रुवारी 2004 मध्ये तिने संस्थेचे निष्कर्ष ग्राह्य धरले. धर्मराजाने 'अश्वत्थामा' मोठ्याने आणि 'हत्ती' हळू म्हटले, म्हणून जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. येथे तर नियमानेच हळू बोलण्याची सोय करून दिली होती, मग रथ टेकायचा कोणाचा?

विजेची गोष्ट याहून कठीण, कारण विजेला रंग नाही, वास नाही, आणि तळहातावर चोळून पाहण्याची सोय तर मुळीच नाही. घरात येतो तो फक्त आकडा. दाभोळचा प्रकल्प आपल्याला आठवत असेल. नाव दाभोळचे, आणि उभा राहिला खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात अंजनवेलला. नावापासूनच थोडे झाकलेले! एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी राज्य वीज मंडळाने डिसेंबर 1993 मध्ये वीजखरेदीचा करार केला, आणि ज्यांनी बिल भरायचे त्यांच्यापासूनच त्यातली कलमे दूर ठेवली गेली. वीज उचला अथवा न उचला, मंडळाने स्थिर आकार द्यायचा, आणि तोही डॉलरशी बांधलेला. करार 1995 मध्ये रद्द झाला, पुन्हा बोलणी होऊन जिवंत झाला, 1999 मध्ये वीज सुरू झाली, आणि मे 2001 मध्ये मंडळाने ती घेणे थांबवले, कारण ती परवडेना. त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉनचे दिवाळे वाजले. या सगळ्या काळात पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेतील गिरीश संत आणि त्यांचे सहकारी हिशेब मांडून सांगत होते की या कलमांचा अर्थ शेवटी तुमच्या बिलात काय निघेल. घोषणा देणारे पुष्कळ होते. बेरीज करणारे थोडे.

पुढे राज्यात वीज नियामक आयोग आला, दर वाढवण्याआधी जाहीर सुनावणी होऊ लागली, आणि तेथे कोणीही उठून प्रश्न विचारू शकतो. पहिल्याच फेऱ्यांत एक चमत्कारिक गोष्ट उघडी पडली. शेतीपंपांना मीटर नसल्याने शेतीचा वापर अंदाजाने लिहिला जाई, आणि चोरी व गळती यांचा मोठा भाग त्या अंदाजात गडप होत असे. शेतकऱ्याच्या नावावर खपलेली वीज शेतकऱ्याने पाहिलीही नव्हती. वर्षानुवर्षे आपण सगळे त्याला फुकट्या म्हणत होतो. वहीतल्या एका मौनाने एका अख्ख्या वर्गाची बदनामी केली होती.

येथे वाचक म्हणेल, हे सगळे खरे, पण आम्ही संसारी माणसे; आम्ही आमच्यापुरती काळजी घेतो. ही काळजी कशी असते ते मी पाहतो. तूप गावाहून येते. दूध ओळखीच्या गवळ्याचे. पाण्याला भिंतीवरचे यंत्र, विजेला इन्व्हर्टर. यात वाईट काही नाही, पोराबाळांच्या घरात ते स्वाभाविक आहे. पण त्याचा एक परिणाम कोणाच्या लक्षात येत नाही. ज्याला प्रश्न विचारता येतो, ज्याच्यापाशी अक्षर आहे, वेळ आहे, जो अर्ज लिहू शकतो, तोच माणूस रांगेतून निघून जातो. मागे उरतात ते न विचारणारे, आणि विकणारा निश्चिंत होतो. नळाचे पाणी गढूळ आले तर पूर्वी वाड्यातला वकीलही कचेरीत जाऊन भांडे, कारण तो तेच पाणी पीत असे.

1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. अंगावर सूज चढून साठाहून अधिक माणसे दगावली. सुटे तेल घेणारा तो वर्ग. उपाय म्हणून मग सुट्या तेलाच्या विक्रीवरच बंधने आली. बंधन योग्य, पण पाव किलो तेल वाटीत घेऊन जाणाऱ्या बाईला पाकिटाची किंमत जड जाते, हेही खरे. आणि तिने दुकानात प्रश्न तरी कसा विचारावा? तिचे नाव दुकानदाराच्या उधारीच्या वहीत आहे. आमच्या त्या दुकानदाराने ज्या दोघातिघांची आठवण सांगितली, ते सगळे रोखीचे होते. मी मुद्दाम विचारून घेतले.

मुंबईत 1972 साली महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर त्यांच्या पुढे होत्या. त्या गर्दीत उधारीच्या वहीतल्या बायकाही होत्याच, आणि गर्दीत वही उघडता येत नाही. पुढे बिंदुमाधव जोशी आणि आपले बाबूजी, सुधीर फडके, यांच्यासारख्यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले. मुंबईत 1975 पासून शेजारपाजारची दहापंधरा घरे मिळून संघ करतात, महिन्याचा किराणा एकत्र मागवतात आणि कोणाच्या तरी घरी त्याचे वाटप होते. वाटपाच्या दिवशी बाहेरच्या खोलीत पोती सुटतात, गुळावरून वाद होतात, डाळीत खडा सापडला तर तो बशीत घालून सर्वांना दाखवला जातो, आणि प्रत्येक जण प्रत्येक जिनसाबद्दल इतके विचारतो की सात वाजता संपायचे काम साडेनवाला संपते. महिन्याचे पैसे एकदम काढू शकणाऱ्यांचीच ही सोय आहे. वाटी घेऊन येणारी बाई अजून दुकानाच्या पायरीशी उभी आहे, आणि दुकानदार तिला काही सांगत नाही, कारण तिने विचारलेले नाही.