हौसेचे कष्ट

मीरा रोडच्या शांतीनगरांतून पहांटे पांचाच्या सुमारास कोणी बाहेर पडला तर त्यास दोन प्रकारच्या सायकली दृष्टीस पडतील. एकीवर दुधाच्या पिशव्यांचें किंवा वर्तमानपत्रांचें ओझें असतें. तिचा स्वार पोटासाठीं निघालेला असतो. दुसरी वजनानें हलकी व किमतीनें जड. तिच्यावरील गृहस्थ हेल्मेट घालून घोडबंदरच्या रस्त्याला किंवा उत्तनच्या किनाऱ्याकडे वळतो. हा कोणी डॉक्टर असतो, कोणी हिशेबनीस, कोणी संगणकाच्या कंपनींतील अधिकारी. आणि इतर दिवशीं याच वेळीं तो चर्चगेटच्या गाडीच्या चिंतेंत असतो. ज्याला आठवडाभर उसंत नाहीं त्यानें उरलेल्या वेळांत आणखी कष्ट कां ओढवून घ्यावे, हा प्रश्न थट्टेचा नसून नीतीचा आहे, असें आम्हांस वाटतें.

विचारलें असतां उत्तर बहुधा प्रकृतीचें मिळतें. तें आम्हांस पटत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढ माणसास आठवड्यास मध्यम श्रमाचा १५० ते ३०० मिनिटांचा व्यायाम पुरतो. तेवढ्यासाठीं शांतीनगरांतल्या शांतीनगरांत झपझप चाललें तरी भागेल. आतां पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनीं जगभर होणाऱ्या, व आपल्याकडेहि रुजलेल्या, ‘ब्रेव्हे’ नांवाच्या सफरींचे आंकडे पाहावे: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत. झोप मोडून, अंधारांत दिव्याच्या उजेडानें रस्ता तोडणें यास प्रकृतीची जोपासना म्हणणें म्हणजे एकादशीला धान्याची काटकसर म्हणण्यासारखें आहे.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारें ४,८०० किलोमीटरांची, ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांनीं मिळून नऊ दिवसांच्या आंत पुरी केली. २०१७ सालीं लष्करांतील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं तीच शर्यत प्रत्येकीं एकट्यानें, बारा दिवसांच्या आंत संपविली. चौघेहि डॉक्टर. शरीरास किती व्यायाम पुरे हें त्यांस कोणी सांगावयास नको होतें. त्यांस हवें होतें तें निराळेंच कांहीं असलें पाहिजे.

तें काय असावें, याचा आमचा तर्क असा. पांढरपेशा माणसाचें काम हल्लीं असें झालें आहे कीं त्याचा शेवट दिसत नाहीं. कागद एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जातो. यश अनेकांत वांटलें जातें, आणि अपयशाला धनी सांपडत नाहीं. घाटाचा चढ मात्र संपला कीं संपतो, व तो कोणी चढला याविषयीं वाद राहत नाहीं. आपण किती पाण्यांत आहों हें एकदां निर्विवाद कळावें, ही इच्छा आम्हांस हीन वाटत नाहीं. (कापलेल्या अंतराचे आंकडे जेवणाच्या पंगतींत ऐकविणारे स्नेही आम्हांसहि आहेत, पण तो दोष सायकलीचा नव्हे.)

दूधवाल्याकडे बोट दाखवून या हौसेला लाजविण्याची एक रीत आहे. तीहि आम्हांस फारशी मान्य नाहीं. ज्याला अन्न मिळत नाहीं त्याची उपासमार आणि व्रत धरणाऱ्याचा उपवास एक नव्हेत, हें आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. व्रतानें उपाशी माणसाचा अपमान होतो, असें कोणी मानलें नाहीं. मात्र त्या व्रताबरोबर दुसरीहि एक गोष्ट होती. व्रत धरणारी बाई घरच्या सर्वांचा स्वयंपाक उरकून मग उपाशी राहत असे.

या ठिकाणीं आमच्या सायकलस्वाराचें प्रकरण नाजूक होतें. तो पहांटे निघतो तेव्हां मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांचीं औषधें, चुलीवरचें दूध हीं कोणाकडे तरी जातातच, आणि तें कोणाकडे हें सांगावयास नको. प्रकृतीच्या नांवानें मागितलेला रविवार नाकारणें घरच्या माणसांस जड जातें. नाकारणारी पत्नीच निर्दय ठरते. ‘मला हौस आहे’ असें म्हणणाऱ्यास मात्र खरोखर मागावें लागतें, व द्यावें कीं न द्यावें हें देणाऱ्याच्या हातीं राहतें. म्हणून आम्ही प्रकृतीच्या सबबीवर एवढा रोष धरला. अमेरिकेच्या त्या शर्यतींत एकटा म्हणून गणला जाणारा स्वारहि एकटा नसतो. रात्रीं त्याच्या पाठीमागें सोबत्यांची मोटार चालली पाहिजे, असा तेथें नियमच आहे. त्याला खाऊं घालणें, वाट सांगणें, उठविणें हें सर्व दुसरे करतात, आणि तसें उघड मानलें जातें.

याच घरांतील बाईनें उद्यां अशीच हौस बोलून दाखविली, तर तिला रविवार तितक्याच सहज मिळेल काय? कित्येक घरीं मिळतो, व पहांटेच्या त्या रस्त्यांवर स्त्रियाहि आतां दिसूं लागल्या आहेत. मात्र तिनें अंधार असतांना मालमोटारींनीं गजबजलेल्या घोडबंदर रस्त्यानें एकटीनें जावें कीं नाहीं, हा प्रश्न निघाला म्हणजे घरांतील सर्व मंडळींना एकदम तिच्या प्रकृतीची काळजी वाटूं लागते.