लऊळला आलेला देव

पायी वारी हा आपला नेम. पण ज्याला पायच चालत नाहीत, त्याने काय करावे? याचे उत्तर संत कूर्मदासांच्या चरित्रात आहे. पैठणचे हे भक्त हातापायांनी विकल. पंढरीची ओढ लागली, तेव्हा अंग भुईवर लोटत निघाले. वाटेत वारकऱ्यांनी घास भरवला, पाणी पाजले. माढा तालुक्यातील लऊळ गावी देह थकला. पुढे जाणाऱ्यांपाशी त्यांनी निरोप धाडला आणि पांडुरंग स्वतः लऊळला आले, अशी कथा आहे.

कीर्तनात ही कथा ऐकताना आपले डोळे भरतात. पण घरी परतताना आपल्याच आळीतले एक दार लोटलेले असते, तिकडे आपण पाहतो काय? आत एक लेकरू असते. मान धरत नाही, बोलत नाही, सहा-सात वर्षांचे झाले तरी आईच्या कडेवर. त्याला सोडून आईला रोजगाराला जाता येत नाही. एक मजुरी बुडाली. बाप एकटा कमावणार, त्यातच तालुक्याची एस. टी. आणि औषधपाणी. आणि आपण ओट्यावर बसून काय म्हणतो? "मागल्या जन्मीचं पाप असंल, दुसरं काय!"

मंडळी, देवाने कूर्मदासांना मागचा जन्म विचारला होता काय? प्रारब्ध हा शब्द आपल्या स्वतःच्या दुःखासाठी वापरावा. दुसऱ्याच्या लेकरावर तो फेकू नये. बाळंतपणात मूल गुदमरले, जन्मतः झालेली कावीळ फार वाढली, तर मेंदूला इजा होते आणि हातपाय ताठतात. यात आईचे पाप नाही आणि ग्रहणाचाही दोष नाही. कित्येक आयांना सासरी या बोलण्यापायी जन्मभर मान खाली घालावी लागते. हा अन्याय माळकऱ्याच्या घरी तरी होऊ नये.

पुंडलिकाने आईबापांची सेवा केली, म्हणून देव विटेवर उभा राहिला. इथे तर आईबाप लेकराची सेवा करतात, आणि पुढे ते आपल्याला सांभाळील ही आशाही नसते. याहून निष्काम सेवा कोणती? अशा माउलीची एकादशीची वारी चुकली, तर तिने खंत करू नये.

परंतु तिला नुसता नमस्कार करून आपण मोकळे होत नाही. नवस बोलावा, पण दवाखाना टाळू नये. पाऊल आत वळलेले मूल जन्मले, तर पहिल्या काही आठवड्यांतच प्लास्टर सुरू केल्याने बहुतेक पावले सरळ होतात. मात्र पुढे काही वर्षे रात्री पट्ट्याचे बूट घालावे लागतात. मान न धरणाऱ्या मुलाला निजवून भरवू नये, टेकू देऊन बसवून भरवावे. नाही तर घास श्वासनळीत जातो. 2016 च्या कायद्याने 21 प्रकारचे अपंगत्व मानले आहे. 40 टक्के वा त्याहून अधिक अपंगत्वाचा दाखला असला, तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हा दाखला सरकारी रुग्णालयातून मिळतो. पण त्यासाठी हेलपाटे घालायचे, तर मजुरी बुडते. तिथेच गरिबाचे पाऊल अडते.

तेव्हा फडातल्या, दिंडीतल्या मंडळींना आमची विनंती आहे. दाखल्याच्या दिवशी एकाने सोबत जावे. आठवड्यातून एक दुपार शेजारणीने लेकरू सांभाळावे, म्हणजे आईला घटकाभर निजता येईल. हरिपाठाला त्या मुलाला पुढे बसवावे. ते मधेच ओरडले तर कुणी कपाळाला आठी घालू नये. टाळ त्यालाही ऐकू येतो.

कूर्मदासांना घास भरवणाऱ्या त्या वारकऱ्यांची नावे कथेत नाहीत. पण ते नसते, तर कूर्मदास लऊळपर्यंत तरी कसे पोचते? आपल्या वाट्याला तेच काम आले आहे, ते आपण करावे.

जय जय रामकृष्णहरि.