जायची तिथी

दुधनीत सरहद्द फारशी कुणी मनावर घेत नाही. सकाळी आडतीवर तुरीची पोती उतरतात, त्यांतली कितीतरी आळंद-अफझलपूरकडची. हमाल मराठीत भांडतात आणि कन्नडमध्ये पोती मोजतात. गाणगापूरला जायचं तर रेल्वेचं तिकीट काढलं की झालं, परत कधी येणार हे कुणी विचारत नाही. अशा गावातून अक्का थेट अमेरिकेला गेल्या होत्या, लेकीच्या बाळंतपणाला. परवा त्या पासपोर्ट घेऊन आल्या. रेशन कार्ड आणि विम्याचे कागद ज्या पिशवीत, त्याच पिशवीत तोही.

‘‘सर, बघा की. दहा वर्साचा हाय शिक्का. 2028 पतूर. मग पुन्यांदा जायला काय अडचण?’’

व्हिसा खरंच दहा वर्षांचा होता. पण मी पुढचं पान उलटलं. तिथे विमानतळावरचा गोल-चौकोनी शिक्का, 18 जानेवारी 2019 चा, आणि त्याच्या खाली पेनाने, घाईत लिहिलेली दुसरी तारीख: 17 जुलै. अक्का परतल्या 2 सप्टेंबरला.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. व्हिशावरची तारीख सांगते, दारापर्यंत कधीपर्यंत येता येईल. आत किती दिवस राहायचं ते दारातला अधिकारी ठरवतो, पाहुण्याला बहुधा सहा महिने. ती मुदत उलटली की दहा वर्षांचा तो व्हिसाही तिथेच रद्द धरला जातो. नवा काढायचा, आणि तोही आपल्या देशातून. अमेरिकेच्या 1996 च्या कायद्याने हिशेब आणखी कडक केला: 180 दिवसांपेक्षा जास्त राहून देश सोडला तर तीन वर्षं, वर्षभर किंवा जास्त राहून सोडला तर दहा वर्षं दार बंद. अक्कांचं तसं झालं नव्हतं. पण कोरी पाटीही उरली नव्हती.

मुदतवाढ मागता आली असती, 17 जुलैच्या आत अर्ज केला असता तर. 2020 मध्ये विमानं बंद झाली तेव्हा तिकडे अडकलेल्या मराठी आईवडिलांनी तेच केलं. अक्कांच्या वेळी अडकवणारं काही नव्हतं. नात जरा नाजूक होती, लेक म्हणाली, ‘‘राहा की अजून महिनाभर,’’ आणि ऑगस्टनंतरचं तिकीट स्वस्त पडत होतं. एवढंच.

मला राहून राहून त्या ‘राहा की’चं वाटतं. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, असा अर्थ आपण शाळेत शिकवतो. जायची तिथी आपल्याकडे यजमान ठरवतो, आणि ती चार वेळा पुढे ढकलली नाही तर पाहुण्यालाच वाईट वाटतं. अक्कांना वाटलं, यजमान लेक आहे. लेकीलाही तेच वाटलं. घर तिचं होतं, म्हणून थांबवून घेण्याचा हक्कही तिचाच असं दोघींनी धरलं. देशाच्या वतीने ‘राहा’ म्हणणं मात्र तिच्या हातात नव्हतं. गंमत अशी, की जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. तिथले दिवस मोजायला त्यांना कुणा अधिकाऱ्याची गरज पडली नसती.

आपला देश याबाबतीत मवाळ आहे असंही नाही. 2025 च्या नव्या कायद्यात मुदतीबाहेर राहिलेल्या परदेशी माणसाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दुबईत दिवसाला 50 दिरहम मोजावे लागतात. निदान तिथे हिशेब रोखीचा तरी आहे.

आता लेकीचं दुसरं बाळंतपण. नव्या व्हिशाचा अर्ज भरायचा, मग मुलाखतीला मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलात. अर्जात एक प्रश्न असतो: पूर्वी कधी मुदतीपेक्षा जास्त राहिला आहात का? फॉर्म भरून देणाऱ्या एका पोराने अक्कांना सांगितलं होतं, ‘नाही’वर खूण करा, कोण बघतंय. बघतात. आल्या-गेल्याची नोंद त्यांच्याकडे असतेच. सत्तेचाळीस दिवस जास्त राहणं ही चूक. ती लपवली आणि पकडली गेली तर तो खोटेपणा, आणि त्याला तीन वर्षं-दहा वर्षं अशी मुदत नसते, कायमचीच बंदी लागू शकते. मी हे सांगत होतो तोवर अक्का म्हणाल्या, ‘‘ऱ्हायले तर ऱ्हायले म्हनायला काय जातंय? चोरी केली का मी?’’

मग त्या घरी जाऊन 2019 चं जुनं कॅलेंडर घेऊन आल्या. दुधाचा हिशेब त्यावरच. एरवी रोज एक लिटर. त्या तिकडे असताना मालकांनी रोज अर्धाच घेतला होता आणि प्रत्येक चौकोनात ‘अर्धा’ लिहून ठेवलं होतं. बोट ठेवून ठेवून त्या मोजत गेल्या. जुलैचे 14, ऑगस्टचे 31, सप्टेंबरचे 2.

‘‘लिहा,’’ म्हणाल्या. ‘‘सत्तेचाळीस अर्धे.’’