रात्रपाळीला सोबत कोण?

मंडणगड तालुक्यातली एक मुलगी मुंबईत नर्सिंग शिकून बाहेर पडली. नोकरी जवळजवळ ठरलेली होती. रुग्णालयाने दोन जागा पुढे ठेवल्या होत्या, आयसीयू आणि मेडिसिनचा जनरल वॉर्ड. तिची दादी त्या वर्षी हजला निघाली होती आणि थकलेल्या दादीला सोबत हवी होती. म्हणून मुलगीही मक्केला निघाली. कुठली जागा हवी, ते परतल्यावर कळव, असं रुग्णालयाने सांगितलं.

तिचा जीव आयसीयूत होता. तिथे व्हेंटिलेटर होते, मॉनिटर होते, मैत्रिणींमध्ये मान होता. पुढे आखातातल्या नोकरीसाठी मुलाखत दिली तर त्या अनुभवाला भाव येणार होता. दादीचं म्हणणं वेगळं. "जनरल वॉर्ड घे, माणसांशी बोलशील तरी." विमानात, मग मक्केतल्या अझीझिया भागातल्या इमारतीत, भेटेल त्याला मुलगी हेच विचारत राहिली आणि ज्याला विचारावं तो आपल्या आवडीचं उत्तर देत राहिला.

२०२४चा हज जूनच्या मध्यावर आला. १७ जूनला हरमच्या, म्हणजे मक्केतल्या मोठ्या मशिदीच्या परिसरात ५१.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. त्या हजमध्ये १३०१ माणसं दगावल्याचं सौदी सरकारने नंतर जाहीर केलं. दादीच्या खोलीत गावाकडच्याच एक खाला होत्या. १७ जूनच्या त्या दुपारी तवाफ, म्हणजे काबाची प्रदक्षिणा करून सगळे परतले, तेही बराच रस्ता उन्हात चालून. खाला आडव्या झाल्या आणि बोलायला लागल्या, "लावणीला माणसं मिळाली का? पेज ठेवली का त्यांच्यासाठी?"

मुलीला वाटलं, जून लागलाय, म्हातारीला शेत आठवणारच. तिने त्यांना पाणी पाजलं, तापाची गोळी दिली आणि निजू दिलं. तासाभराने कपाळाला हात लावला तर चटका बसला. तेव्हा ती घाबरली आणि शेजाऱ्यांच्या मदतीने त्यांना भारतीय हज मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेली. हजच्या काळात मक्केत हे दवाखाने चालतात. भारतातून प्रतिनियुक्तीवर आलेले डॉक्टर आणि परिचारिका तिथे काम करतात.

टेबलापाशी एक तरुण परिचारिका होती, तेलंगणातून आलेली. तिने काखेत थर्मामीटर लावला. ताप होता, पण घाबरून जावं इतका नाही. रांग दारापर्यंत गेली होती. ओआरएसची पाकिटं देऊन त्यांना परत पाठवणं सोपं होतं आणि कोणी तिला दोषही दिला नसता. तिने मुलीला हिंदीत विचारलं, "काय म्हणतायत या?"

"घरची आठवण काढतायत."

"त्यांना विचार, आत्ता आपण कुठे आहोत?"

मुलीने विचारलं. खाला म्हणाल्या, "कुठे म्हणजे? आपल्या पडवीत."

तरुण परिचारिका उठली आणि भरल्या खोलीत मोठ्याने म्हणाली, "सिस्टर, मला इथे काही कळत नाही. या आणि बघा."

मला या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा क्षण हाच वाटतो. नव्या माणसाला हे वाक्य उच्चारणं फार जड जातं. पदवी ताजी असते, समोर रुग्ण असतो, पाठीमागे नातेवाईक असतात आणि "एवढंही येत नाही?" ही भीती घशात बसलेली असते. किती रुग्णांचं नुकसान या न उच्चारलेल्या वाक्यामुळे होत असेल!

वरिष्ठ सिस्टर हातातलं काम दुसरीकडे सोपवून आल्या. ठाणे जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात वर्षानुवर्षं काम केलेल्या. त्यांनी ना कपाळाला आठी घातली, ना टोमणा मारला. पडदा ओढून गुदद्वारातून तापमान घेतलं, तर ते ४१च्या वर होतं. उष्माघातात काखेतला आकडा फसवतो, आतलं शरीर किती तापलंय ते त्यावरून कळत नाही. ४०च्या वर गेलेलं तापमान आणि हरवलेलं भान एकत्र दिसलं की घड्याळ सुरू झालं असं समजायचं. त्यांनी वरचे कपडे सैल केले, अंगावर पाण्याचे फवारे मारले, पंखा लावला, डॉक्टरांना हाक मारली, सलाईन सुरू झालं. रुग्णवाहिका येईपर्यंत कोणी थांबलं नाही.

"बर्फाच्या पाण्यात ठेवूया का?" मुलीने विचारलं.

"या वयाला ते सोसत नाही. कुडकुडी भरली की शरीर आणखी उष्णता तयार करतं. आणि तापाची गोळी इथे कामाची नाही, पोरी. हा जंतूंचा ताप नव्हे."

खालांना सौदी रुग्णालयात हलवलं. रात्री थोडी उसंत मिळाली तेव्हा सिस्टरांनी तिला या शहराच्या नावाने ओळखलं जाणारं एक साधन समजावून सांगितलं. वायनर आणि खोगली या दोन शास्त्रज्ञांनी १९८० साली ते मांडलं. रुग्णाला जाळीवर निजवायचं, त्याच्यावर १५ अंशांच्या पाण्याचा बारीक फवारा सोडायचा आणि सोबत ४५ अंशांची गरम हवा. गरम हवा ऐकून मुलगी चमकली. सिस्टर म्हणाल्या, "कातडी फार गार पडली तर तिच्यातल्या रक्तवाहिन्या आखडतात आणि आतली उष्णता आतच अडकते. म्हणून कातडी ३२-३३ अंशांवर राखायची, पाण्याची वाफ होऊ द्यायची. मलाही पहिल्यांदा हे उलटंच वाटलं होतं. मी विचारलं आणि एका बाईंनी न हसता सांगितलं, म्हणून कळलं."

मग मुलीने आपला प्रश्न काढला, आयसीयू की जनरल वॉर्ड? सिस्टरांनी उलट विचारलं, "रात्रपाळीला नव्या मुलीबरोबर जुनी कोण असते? पहिले किती दिवस तुला एकटीला रुग्ण देणार नाहीत? इनचार्ज कोण आहे, आणि तिला प्रश्न विचारलेला चालतो का?"

मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. पगार आणि यंत्रं तेवढी तिने विचारली होती.

"मग वॉर्डाचं नाव बाजूला ठेव. 'मला कळत नाही' असं जिथे मोठ्याने म्हणता येतं आणि ऐकणारं कोणी धावून येतं, ती तुझी पहिली जागा. पुढे सगळं शिकशील."

काही दिवसांनी खाला शुद्धीवर आल्या, अशक्त पण ओळखणाऱ्या. मुलीने मक्केहूनच मुंबईला दोन फोन लावले.

आयसीयूच्या इनचार्जने सांगितलं, पहिले दोन महिने तू एका जुन्या सिस्टरबरोबरच राहशील, तिचेच रुग्ण, तिचीच पाळी. जनरल वॉर्डच्या इनचार्ज बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. आपल्याकडे रात्री एक परिचारिका आणि डोळे पोचणार नाहीत इतक्या खाटा, हे अनेक वॉर्डांचं वास्तव आहे आणि ते बदलायलाच हवं. बाईंनी ते लपवलं नाही.

"खरं सांगू का? रात्री तू एकटी असशील. मला माणसं हवीत, पण तुला असं टाकणं मला बरोबर वाटत नाही. तिथे शीक. दोन वर्षांनी तयार झालीस की माझ्याकडे ये, तेव्हा नव्या मुलींबरोबर उभं राहायला मला कोणीतरी लागेल."

मुलीने आयसीयू घेतलं आणि बाईंना दोन वर्षांनंतरचा शब्द दिला.