सक्तीची बैठक आणि खरी विश्रांती

वाचकहो, काम थांबले म्हणजे विश्रांती मिळाली, असे म्हणता येईल काय? प्रश्न साधा दिसतो. परंतु २०२० सालच्या टाळेबंदीने तो आम्हां सर्वांच्या उंबऱ्यावर आणून बसविला.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागली. आमचे कडा आष्टी तालुक्यात. या भागातली कैक जोडपी दरसाल उचल घेऊन ऊस तोडायला जातात. त्या दिवशी ती दूर फडावर, कोपीत होती. ऊस तोडण्यास मुभा होती, घरी येण्यास नव्हती. शासनाने १७ एप्रिलला परतीची परवानगी दिली. तोवर हात कोयत्यावर आणि जीव गावाकडच्या म्हाताऱ्यांत नि लेकरांत. इकडे गावातला शिंपी, चहावाला, जीपवाला घरात बसून. एकाचे हात थांबेनात, दुसऱ्याचे चालेनात. झोप मात्र दोघांचीही उडाली.

बसून बसून कुणाचे गुडघे धरले, कुणाची साखर वाढली. हे आमच्यापुरतेच नव्हते. साथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि उदासपणाचे विकार जगभर सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले.

आता पाहा, वारकरी आळंदीहून पंढरीपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालतो. पाय सुजतात, पण मन ताजे राहते. घरी बसलेला मात्र दमतो. असे का व्हावे? श्रमाचा थकवा रात्रीच्या झोपेने जातो. उद्याची धास्ती आणि आपण कुणाच्या उपयोगी नाही ही बोच, यांचा थकवा झोपेने जात नाही. कारण तो झोपच खातो.

मग टाळेबंदी चुकली काय? तसे आम्ही म्हणणार नाही. त्या साली पायी वारी राहिली. १ जुलैच्या आषाढीला संतांच्या पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. दुसऱ्याचा जीव राखण्यासाठी आपली वाट सोडणे, हाही धर्मच. परंतु सोसणे सर्वांचे सारखे नव्हते. ज्याची कणगी भरलेली, त्याचे ते व्रत झाले. ज्याचे हातावर पोट, त्याची ती उपासमार झाली.

टोळ्या परतल्या तेव्हा आम्हीही भिऊन दुरूनच म्हणालो, "तिकडंच थांबा रे बाबांनो." अंतर राखणे भाग होते. पण भाकरी बांधून शिवेवर नेऊन ठेवायला, नाव घेऊन विचारपूस करायला कोणाची बंदी होती? तिथे आम्ही चुकलो.

असो. त्या दिवसांचे कर्ज फेडता फेडता अबोल झालेला, अजून रात्र रात्र जागणारा कुणी शेजारी असेल, तर त्याला आळशी म्हणू नये, वेडा तर नाहीच नाही. त्याच्या ओट्यावर जाऊन बसावे; गरज पडली तर दवाखान्यापर्यंत सोबत करावी. तेव्हा राखलेले अंतर आता चालून जाऊन भरून काढणे, एवढे देणे आमच्याकडे उरले आहे.