गुरुवारचा निरोप : माळ घातली, आता डॉक्टरकडेही जा

 

माळ घालून दारू सोडली, दोन दिवसांत हात थरथरायला लागले, झोप उडाली, भास होऊ लागले. की घरचे म्हणतात, श्रद्धा कमी पडली. अहो, श्रद्धेचा इथे काय संबंध? रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, जिवावर बेततं. तिथे औषध लागतंच.

आणि काहींचं मन आधीपासून आजारी असतं. उदासी, भीती दाबायला बाटली धरलेली. नुसती बाटली काढली तर उदासी तशीच राहते, माणूस परत तिकडेच वळतो. म्हणून दोन्हींवर उपचार एकदमच हवेत. डॉ. अनिता अवचट मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. आपल्या ग्वाल्हेरला मानसिक आरोग्यशाळा आहे. 'वेड्यांचं इस्पितळ' म्हणून लाजू नका.

नाम घ्या, प्रसाद घ्या, पण गोळ्या परस्पर बंद करू नका. आणि वहिनी, भाजीत गुपचूप औषध कालवणं तर मुळीच नको. वरून तो प्यायला तर धोका आहे.

टेली-मानस १४४१६, व्यसनमुक्ती १४४४६. दवाखान्यात सोबत हवी असेल तर ग्रुपवर नको, सेवेकऱ्यांना वेगळा मेसेज करा.